नाव घ्या, नाव!

लग्नात नव्या नवरीला नाव घ्यायला सांगितलं की ती लाजते, पदराशी चाळा करते, आणि आत्याबाईंनी तीनतीनदा "घे गं, घे गं" केल्याशिवाय तोंड उघडत नाही. आमच्या थोरल्या भाऊजींना, म्हणजे ताईच्या यजमानांना, असा आग्रह आजवर कुणी केलेला नाही. तशी वेळच ते येऊ देत नाहीत. पंगतीत मीठ वाढून झालं, लिंबाची फोड आली, कोशिंबिरीचा चमचा पानावर पडला की त्यांचं पहिलं नाव पडतं. भातावर तूप येईपर्यंत तीन होतात. आणि शेवटी मठ्ठा आला की वाटीकडे बघत, उसासा टाकून, "अण्णांना अगदी असाच लागायचा," असं ते इतक्या हळू आवाजात म्हणतात की फक्त समोरच्या पंगतीपर्यंतच ऐकू जावं.

साहेबाच्या भाषेत ह्या प्रकाराला नाव 'टाकणं' म्हणतात म्हणे. आपल्याकडे एखाद्याचं नाव टाकलं म्हणजे त्याच्याशी कायमचं वाकडं आलं. पण गंमत अशी, की मराठी माणूस ह्या कलेत तरबेज झाला की तो खरोखरच नाव टाकतो. म्हणजे घेतच नाही. नवशिका सांगतो, "माझी आणि पंडित भीमसेन जोशींची ओळख होती." लगेच कळतं की ओळख नव्हती. मुरलेला माणूस नुसतं "अण्णा" म्हणतो आणि थांबतो. पु. ल. हा शब्द तो उच्चारत नाही, 'भाई' म्हणतो. सुधीर फडक्यांना 'बाबूजी'. कुसुमाग्रज हे तर पुस्तकावरचं नाव, ते पुस्तक विकत घेणाऱ्यांसाठी. नाशकात ज्यांच्या घरी उठबस होती (आणि नाशकात ती नव्हती असा माणूस मला अजून भेटायचाय) ते 'तात्यासाहेब' म्हणतात. जुन्या बायका नवऱ्याचं नाव घेत नसत ते ह्याच हिशेबानं. ज्याचं नाव घ्यावं लागतं तो परका.

ह्यात आपल्या व्याकरणानंही एक पेच घालून ठेवलाय. जगभर मोठ्या माणसाला आदरानं बोलतात. आपण फार मोठ्या माणसाला अरे-तुरे करतो. विठोबा येतो, लता गाते, सचिन खेळतो. रिक्षावाल्यापासून कुलगुरूंपर्यंत सगळेच सचिनला 'सचिन' म्हणत असल्यावर ज्याला खरी सलगी दाखवायची आहे त्यानं करायचं काय? तो उलटा जातो. सगळं जग 'लता' म्हणत असताना तो 'दीदी' म्हणतो. सगळे 'गावसकर' म्हणतात तिथं तो 'सनी' म्हणतो आणि जिथं सगळे 'सचिन' म्हणतात तिथं गंभीर चेहऱ्यानं 'तेंडुलकर' म्हणतो, जणू हजेरीपटावर त्यानंच ते नाव चढवलं होतं.

घरगुती नावांची ही नाणी फार मौल्यवान, पण टांकसाळीत एक घोटाळा आहे. महाराष्ट्रात अण्णा फार. भीमसेनजी अण्णा, गदिमाही अण्णा. संगीतकार सी. रामचंद्र अण्णा. महर्षी कर्वे अण्णा, कर्मवीर भाऊराव पाटीलही अण्णाच. ह्या घोटाळ्याचा पुरता तमाशा एका रविवारी सकाळी आमच्याच घरी झाला. भाऊजी आले होते, आणि वर्गणीच्या निमित्तानं आमच्या सोसायटीचे चिटणीस टपकले. तेही त्याच पंथातले. दोघांची ही पहिलीच भेट. मी पोह्यांच्या बश्या मध्ये ठेवल्या आणि भिंतीला टेकून बसलो.

"अण्णांसारखा माणूस पुन्हा होणे नाही," भाऊजींनी नारळ फोडला.

"होणे नाही," चिटणीस तत्काळ म्हणाले. "काय ती बैठक! एकदा मांडी घातली की उठायचं नाव नाही."

"आणि समाधी लागली की समोर कोण बसलंय, भान नाही."

"अहो, भान कसलं! आणि शब्द? शब्द नुसते हात जोडून उभे असायचे समोर."

इथं भाऊजींच्या दाताखाली खडा आला. ख्याल गाणाऱ्याच्या समोर शब्द हात जोडून कशाला उभे राहतील? पण ते सावरले. "शब्द होतेच. पण मी म्हणेन, सूर."

"सूर बाबूजींचे हो! शब्द अण्णांचे."

एव्हाना मला कळलं होतं की एक अण्णा 'गीतरामायण' लिहितायत आणि दुसरे अण्णा तंबोऱ्यात बसलेत. माझी खात्री आहे, त्या दोघांनाही ते कळलं होतं. पण "कोणते अण्णा?" असं विचारणार कोण? ह्या खेळात तो एक प्रश्न विचारला की डाव गेला. ज्याला अण्णा म्हणजे कोण हे विचारावं लागतं, त्याचे ते अण्णा नव्हेत. तेव्हा दोघंही आपापले अण्णा घेऊन पुढं निघाले.

"आणि अण्णांचं गाडीचं वेड!" भाऊजी म्हणाले. हे मात्र खरं; भीमसेनजींना गाड्यांचा आणि स्वतः चालवण्याचा शौक होता, हे सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे.

"अं... हो. गाडीचं. म्हणजे ते गाडीत बसून लिहायचे, तेच ना?"

"लिहायचे? चालवायचे! ब्याऐंशी साली मला स्वतः स्वारगेटला सोडलंय."

"ब्याऐंशी साली?" चिटणिसांचा घास हातात राहिला. "अहो, अण्णा सत्त्याहत्तर साली गेले. डिसेंबरात."

"गेले? मग मला स्वारगेटला कोणी सोडलं?"

ह्या प्रश्नाला उत्तर नव्हतं. स्वयंपाकघरातून आई हात पुसत बाहेर आली. "कोण, कोपऱ्यावरचा इडलीवाला अण्णा का? अरे, गेला नाहीये तो. गावी गेलाय, आंब्याच्या बागेचं काहीतरी आहे म्हणत होता. येईल आठ दिवसांत."

दोघांनाही एवढं हायसं वाटलेलं मी नंतर कधी पाहिलं नाही. पोहे संपेपर्यंत इडलीवाल्यावर बोलणं झालं. त्यातही दोघांची त्याच्याशी घसट निघाली.

तुमच्या ध्यानात आलं असेल, की ह्या आठवणींत खाण्याचा जिन्नस कुठं ना कुठं असतोच. मराठी माणसाच्या आठवणीतला मोठा माणूस कधी गात नाही, लिहीत नाही, षटकार मारत नाही. तो जेवतो. त्याला आमच्या आजीच्या हातची शेवग्याच्या पाल्याची भाजी आवडते, तो "वहिनी, पिठलं टाका" म्हणून अवेळी दारात उभा राहतो, आणि जाताना लोणच्याची बरणी नेतो. एवढी घरं आणि एवढी पिठली! ह्या हिशेबानं आपल्या थोर लोकांना लिहायला-गायला वेळ मिळाला कधी, ही शंका मनात येते. पण भाऊजींसमोर काढायची सोय नाही. मला वाटतं ह्यामागं एक साधं गणित आहे. तिकीट काढून गाणं कुणालाही ऐकता येतं. माणूस भुरका मारताना दिसायला मात्र घरात यावं लागतं. म्हणून कुणी "मी त्यांची मैफल ऐकली" म्हणालं की मी मान डोलावतो, आणि "त्यांना दोडक्याची शीर ओढून लागायची" म्हणालं की सावध होतो.

भाऊजींना हरवणारं मी आजवर एकच खातं पाहिलंय, क्रिकेटचं. फेब्रुवारी 1988. मुंबईचं आझाद मैदान, हॅरिस शील्डचा उपांत्य सामना, शारदाश्रम विद्यामंदिर विरुद्ध सेंट झेवियर्स. सचिन नाबाद 326, विनोद कांबळी नाबाद 349, भागी 664 धावांची. शाळकरी पोरांचा सामना, कामाचे दिवस, आझाद मैदानावर एकाच वेळी शेजारीशेजारी किती खेळ चाललेले असतात ते तिथून चालत सी.एस.टी.ला गेलेल्या कुणालाही माहीत आहे. बघायला असून असून किती माणसं असतील? आता मोजा. माझ्या स्वतःच्या ओळखीत अकरा जण त्या दिवशी मैदानावर हजर होते. त्यातले तीन तेव्हा नागपूरला नोकरीत होते. एकाचा जन्म 1986 चा. तो वडिलांच्या खांद्यावर होता.

पण कला म्हणतात ती पुढंच आहे. कांबळी आणि सचिन खेळत असताना पुढच्या नंबरचा फलंदाज पॅड बांधून बसून राहिला होता. बसूनच राहिला, कारण हे दोघं काही बाद होईनात. तो अमोल मुजुमदार. बिचाऱ्यानं पुढं रणजीत धावांचे डोंगर रचले आणि भारताची टोपी काही मिळाली नाही. इतकी वर्षं त्या पॅड बांधलेल्या पोराकडं आमच्या अकरांपैकी एकाचंही लक्ष गेलं नव्हतं. अकराच्या अकरा जण सचिनचा स्ट्रेट ड्राइव्ह बघण्यात गुंग. मग नोव्हेंबर 2025 मध्ये नवी मुंबईत भारताच्या मुलींनी विश्वचषक जिंकला, प्रशिक्षक अमोल मुजुमदार. दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेआठला एका साक्षीदाराचा मला फोन. "तुला सांगतो, त्या दिवशी मी सचिनकडं बघतच नव्हतो. मी अमोलच्या शेजारी बसलो होतो. त्याला म्हटलं, बाळ, तुझीही वेळ येईल." आठवडाभरात त्या बाकावर चार जण दाटीवाटीनं बसले होते. अमोलला पॅड लावून मांडी हलवायला जागा उरली नसणार.

राजकारणातल्या ओळखी सांगणारी मंडळी ह्या सगळ्यांत रुक्ष. तिथं माणसाचं नाव नाही आणि घरगुती नावही नाही, पत्ता असतो. "काल वर्षावर होतो," म्हणजे मुख्यमंत्र्यांच्या बंगल्यावर. "सहाव्या मजल्यावर शब्द टाकलाय," म्हणजे मंत्रालयात मुख्यमंत्र्यांच्या कार्यालयात. ऐकणाऱ्यानं नुसता मजला ऐकून उभं राहावं अशी अपेक्षा. त्यांच्यात पायऱ्याही आहेत. सगळ्यांत वर 'साहेबांशी बोललोय', मग 'पी.ए.शी बोललोय', त्याखाली 'ड्रायव्हर आपल्या गावचा आहे'. अनुभवानं सांगतो, काम करून देतो तो ड्रायव्हरवालाच.

मी स्वतः ह्या वाटेला एकदाच गेलो. चौकात सिग्नल तुटला, मामांनी शिट्टी मारली, आणि कुठून बुद्धी झाली कोण जाणे, मी खिडकीची काच खाली करून म्हटलं, "साहेबांच्या ओळखीचा आहे मी." मामांनी पावतीपुस्तक बगलेत धरून शांतपणे विचारलं, "कोणत्या?" ह्या प्रश्नाची मी तयारीच केली नव्हती. पंगतीत कुणी असा प्रश्न विचारत नाही, हेच तर पंगतीचं सौजन्य. मी म्हटलं, "सगळ्यांच्याच." मामा म्हणाले, "मग सगळ्यांच्या वतीनं भरा." त्यांचा विनोद चांगला होता हे मला घरी आल्यावर कळलं.

परदेशातल्या मराठी माणसाची ह्या बाबतीत चंगळ आहे आणि ती खरी आहे. नाटकाचा किंवा गाण्याचा दौरा निघाला की अमेरिकेत कलाकार बऱ्याचदा मंडळातल्या कुणाच्या तरी घरी उतरतात. आमचा एक मावसभाऊ न्यू जर्सीत असतो. त्याच्या पाहुण्यांच्या खोलीतल्या पलंगावर मी आठ दिवस झोपलो, आणि त्या आठ दिवसांत माझ्या आधी तिथं कोण कोण घोरून गेलं ह्याची नोंदवहीच मला तोंडपाठ झाली. उशी बदलून मागायची सोय नव्हती. ती एका फार मोठ्या नटाची होती.

आणि गोव्यात? गोवेकर माणसाचं नाव घेतच नाही, गावाचं घेतो. मंगेशी म्हटलं की मंगेशकर आले, केरी म्हटलं की केसरबाई केरकर, कुर्डी म्हटलं की मोगूबाई कुर्डीकर. त्यातलं कुर्डी साळावली धरणात बुडालं. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की दिसतं. एका गोवेकर स्नेह्यांनी मला सांगितलं, त्यांच्या आजोबांचं घर मोगूबाईंच्या घराला लागूनच होतं. मी तपासायला जाणार कुठं? मे महिन्यात तिकडं फार उकडतं.

आता पुरावा लागतो म्हणून फोटो असतात. भाऊजींच्या दिवाणखान्यात एक मोठी तसबीर आहे, चंदनाचा हार घातलेली. एका थोर नटाला शाल दिली जातेय, नट वाकलेत, आयोजक हसतायत, आणि डावीकडून एक हात चौकटीत शिरलाय. त्या हातात तबक, तबकात नारळ आणि हळदीकुंकवाची कुयरी. तो हात भाऊजींचा. मनगटाच्या वर काही नाही. घरी नवा माणूस आला की भाऊजी तसबिरीशेजारी उभे राहतात आणि उजवा हात जरा पुढं करतात, म्हणजे पाहणाऱ्याला जुळवून घेता यावं. ताईनं एकदा विचारलं, एवढे मोठे नट, एखादा फोटो तुमच्यासकट काढायला काय झालं होतं? भाऊजी म्हणाले, "आमचे संबंध त्याच्या पलीकडचे होते."

गेल्या पावसाळ्यात मी मिरजेला गेलो, पुतणीच्या तंबोऱ्यासाठी. सतारमेकरांची गल्ली. दारातच भोपळे टांगलेले, आत लाकडाचा भुसा, पॉलिशचा वास, आणि एक वयस्क कारागीर मांडीवर तंबोरा घेऊन त्याची घोडी कानशीनं अगदी हलकं घासतोय, मग तार छेडतोय, मग पुन्हा दोन वेळा घासतोय. जवारी काढणं म्हणतात त्याला. तारेखाली दोऱ्याचा तुकडा सरकवला, केसभर पुढं, केसभर मागं, आणि एका जागी ती तार अचानक अशी झंकारली की बाहेर रस्त्यावरची स्कूटर थांबल्यासारखी वाटली. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्याआधी दीडेकशे वर्षं ते नुसतंच वाजत होते.

माझ्यातला भाऊजी जागा झाला. मी विचारलं, "इथून तंबोरे नेणारे मोठमोठे लोक असतील ना?"

"असतात की," ते म्हणाले आणि पुन्हा घासू लागले.

"कोण कोण?"

"हा काळी चार पट्टीचा आहे." त्यांनी कोपऱ्यातल्या एका तंबोऱ्याकडं मान वळवली. "एका बाईंचा. तो काळी एक. गेल्या खेपेला त्याचा भोपळा पातळ निघाला होता. ते काही बोलले नाहीत. पण मला माहीत होतं."

"ते म्हणजे कोण?"

"काळी एक," ते म्हणाले. मला वाटलं ऐकू आलं नसेल. मी पुन्हा विचारलं. त्यांनी तार छेडली, कान लावला, आणि मला म्हणाले, "जरा भोपळ्याला पाय लागतोय तुमचा."

मिरजेहून परत आलो तेव्हा मी पूर्वीचा राहिलोच नव्हतो. डिसेंबरात पुण्यात मुकुंदनगरला सवाई गंधर्व महोत्सवाच्या मांडवात माझी जागा बऱ्यापैकी पुढची लागली. शेजारच्या खुर्चीवर एक सडपातळ गृहस्थ, मांडीवर कापडी पिशवी, पिशवीत थर्मास. स्वेटर हातानं विणलेला. मंचावर पुढच्या कलाकाराचे तंबोरे जुळत होते. मला राहवेना.

"मिरजेचा आहे," मी हलक्या आवाजात म्हटलं. म्हणजे पुढच्या दोन रांगांपर्यंतच.

"अं?"

"तो डावीकडचा तंबोरा. आमचे एक कारागीर आहेत तिथं, त्यांच्या हातचा. जवारीवरून कळतं. घरोबा आहे, पण नाव नाही घेत मी त्यांचं. त्यांना आवडत नाही."

गृहस्थांनी थर्मासच्या झाकणात चहा ओतला, अर्धा मला दिला आणि म्हणाले, "मिरजेचाच आहे. पण तो डावीकडचा माझा आहे."

"तुमचा?"

"घरी असतो. कलाकारांच्या तंबोऱ्याला प्रवासात धक्का लागला, दुपारी कुणीतरी फोन केला, म्हणून रिक्षातून आणून दिला."

"म्हणजे तुमची त्यांची चांगलीच ओळख दिसते!"

"छे हो," ते म्हणाले. "आता ऐकू, कसे गातात ते."

ते ऐकत राहिले. मध्यंतरात वडापावच्या रांगेत मला भाऊजी भेटले. मी त्यांना लगेच सांगितलं, ज्यांचा तंबोरा आत्ता मंचावर वाजला ते माझे अगदी जवळचे, आत्ता एका झाकणातून चहा घेतला आम्ही, आलं घातलेला, त्यांना तसाच लागतो. भाऊजी चमकले. जन्मात पहिल्यांदा त्यांच्या तोंडून तो प्रश्न आला.

"कोण रे? नाव काय त्यांचं?"

मी धावत आत गेलो. खुर्ची रिकामी होती. पिशवी घेऊन ते तंबोरा परत आणायला मंचामागं गेले होते.